राजाबरोबर घोडे पुरले

आधीच माफी मागून ठेवते. माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली. पाचवीचा वर्ग दुसऱ्या गावाला होता आणि तिकडे एकट्या मुलीला कोण पाठवणार. त्यानंतर लिहायचं म्हणजे रेशनच्या दुकानात सही करायची आणि डब्यांवर चिकटवायला मीठ, सोडा अशा चिठ्ठ्या करायच्या. हे कुणी वाचावं म्हणून लिहीत नाही. तरी चुकून कुणाच्या हाती पडलंच, तर माझ्या चुकांकडे बघू नये, काय घडलं ते बघावं.

मी इथे अमेरिकेत, ॲन आर्बरला आले ती सुनेच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी. तिला आई नाही. सुरुवातीलाच उलट्यांनी ती इतकी गळून गेली की मुलानं घाईघाईनं माझं तिकीट काढलं. त्या घाईत एक हिशोब राहून गेला. पाहुणी म्हणून आलेल्या माणसाला इथे सहा महिने राहू देतात, आणि माझे सहा महिने डॉक्टरांनी दिलेल्या तारखेच्या तीन आठवडे आधी संपत होते. मुलानं मुदत वाढवून मागायचा अर्ज केला. उत्तर येईपर्यंत राहता येतं, असं तो म्हणाला. नाही म्हणाले तर, असं मी विचारलं, तेव्हा तो भांडी मशीनमध्ये लावायला लागला. एरवी तो ते काम कधी करत नाही.

तेव्हापासून मला एका जागी बसवेना. मूल होईल तेव्हा मी इथे असेन की नसेन, एवढंच डोक्यात. मुलाचा फोन वाजला की मी हातातलं काम टाकून बघायचे. बाहेर बर्फ, आत हीटर, आणि मी स्वयंपाकघर ते खिडकी, खिडकी ते स्वयंपाकघर.

अशातच एक दिवस इथल्या मराठी मंडळातले काका आले. इथली सगळी मराठी पोरं त्यांना काकाच म्हणतात. मूळचे पुण्याचे, सत्तरी ओलांडलेले, कुठल्याशा मोटार कंपनीतून निवृत्त झालेले. बोलतात ते गणपतीच्या स्टेजवरून बोलल्यासारखं. विद्यापीठाजवळच्या म्युझियममध्ये चीनच्या जुन्या राजांचं प्रदर्शन भरायचं होतं. ते राजे मेले की त्यांच्याबरोबर त्यांचे रथ आणि घोडेही जमिनीत घालायचे, त्याबद्दलचं. गावात राहणाऱ्या वेगवेगळ्या लोकांनी आपापल्या भाषेत ती गोष्ट सांगायची, ती मशीनमध्ये भरून ठेवायची आणि बघायला येणाऱ्यानं कानाला लावून ऐकायची, अशी म्युझियमची कल्पना होती. मराठीचं काम काकांनी घेतलं होतं. पण ऐन वेळी त्यांनी नवी कवळी बसवली, आणि आता दर ‘स’ला नि ‘श’ला शीळ निघत होती. म्युझियमच्या माणसानं दोनदा मशीन तपासलं म्हणे, कुठे हवा गळतेय का ते बघायला.

“वहिनी, बाकीचे सगळे ऑफिसात. तुम्ही घरी असता. तुम्हीच या.”

मी म्हटलं, भाऊ, मला चार माणसांत बोलता येत नाही. लग्नात उखाणा घ्यायला लावला तेव्हा मी रडले होते. ते म्हणाले, तिथे माणसं नाहीतच, नुसता माईक आहे.

सून सोफ्यावर आडवी होती. ती नागपूरची. डोळे न उघडता म्हणाली, “आई, जा न. दिवसभर त्या फोनकडे बघून राहिल्या तुम्ही. मलाच धाप लागते बघून.”

सूनच असं म्हणाली, तेव्हा गेले.

नातीला शाळेतून घेऊन बसनं आम्ही म्युझियममध्ये पोचलो. काका दारात उभे होते. नात आठ वर्षांची. तिला मराठी कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. ती माझी दुभाषी. प्रदर्शन अजून उघडलं नव्हतं, फळ्या आणि शिड्या पडल्या होत्या. त्या दालनाची देखभाल करणारी एक बाई होती, माझ्याच वयाची, चिनी वंशाची, केस कानापर्यंत कापलेले. सांगायचंय ते आधी डोळ्यांनी बघा, असं म्हणून तिनं आम्हाला आत नेलं.

मला वाटलं होतं सोन्याचा नाहीतर लाकडी रथ असेल. कलाकुसर, वर छत्री. पण एका काचेच्या पेटीत मातीचा एक मोठा चौकोनी तुकडा होता, जमिनीतून कापून काढलेला. त्याच्यावर चाक उमटलं होतं. आरे, मधला तुंबा, सगळं होतं, आणि सगळं मातीचंच. आमच्या बैलगाडीच्या चाकापेक्षा आरे कितीतरी जास्त आणि बारीक.

नात त्या बाईचं ऐकत होती, मग माझ्याकडे वळून म्हणाली, “आजी, इट्स नॉट अ व्हील. चाक नाहीये. इट्स जस्ट डर्ट.”

ते कळायला मला वेळ लागला. लाकूड कधीच कुजून गेलं होतं. ते जसजसं कुजलं तसतशी त्याच्या जागी बारीक माती झिरपत गेली. ती माती आजूबाजूच्या मातीहून रंगानं थोडी वेगळी. खणणारे लोक त्या रंगावरून ओळखतात आणि बांबूच्या कामट्यांनी भोवतालची माती खरवडत जातात. खरवडणाऱ्याचा हात थोडा खोल गेला की चाकही गेलं. कारण चाक आणि माती असं वेगळं काही नाहीच.

तो तुकडा कसा उचलला तेही तिनं सांगितलं. चारी बाजूंनी चर खणला, भोवती लाकडी चौकट बसवली, खालून फळ्या सारल्या आणि यारीनं उचलला. तिकडे चीनमध्ये तर अख्खे खड्डे जागच्या जागी ठेवलेत म्हणाली. वर मोठं छप्पर बांधायचं, कडेनं लोकांनी चालायचं आणि खाली रथांच्या रांगा नि घोडे बघायचे. पण उघडं केलं की माती हवेला लागते. वाळली की भेगा पडतात, भिजली की बुरशी धरते, नाहीतर आतलं मीठ पांढरं होऊन वर येतं. म्हणून काचेच्या आत हवेतली ओल दाखवणारं एक छोटं घड्याळासारखं यंत्र ठेवलेलं. ती रोज सकाळी आल्या आल्या कोट काढायच्या आधी ते बघायची. हिवाळ्यात हीटर चालू, त्यामुळे तिला जास्त काळजी. माझ्या टाचांना त्या हीटरनं भेगा पडल्या होत्या, तेव्हा तिची काळजी मला लगेच समजली.

पलीकडे एक मोठा खड्डा होता, तो खोटा, इथेच बनवलेला. त्यात दोन रथ आणि घोड्यांचे सांगाडे, दोन दोन, दांडीच्या अल्याड-पल्याड पाय दुमडून निजवलेले, मानेवर जू. हाडं प्लास्टिकसारख्या कशाची तरी होती. खोटी आहेत हे कळल्यावर मला बरं वाटलं, आणि थोडं फसवल्यासारखंही वाटलं.

मी नातीला विचारायला सांगितलं, घोड्यांना आधी मारलं की जिवंतच. नात म्हणाली, आय डोन्ट वॉन्ट टू आस्क दॅट. मग काकांनी विचारलं, शीळ घालत. बाई म्हणाली, इतके नीट निजलेत म्हणजे बहुतेक आधी मारले असावेत. बहुतेक. तो ‘बहुतेक’ मी घरी घेऊन आले. पोळ्या लाटताना, दूध तापवताना, तो काही जाईना. हजारो वर्षं झाकून होते तोवर बिचारे ठीक होते. आता तिकडे चीनमध्ये दिव्याखाली ठेवलेत आणि रोज कुणीतरी बघतं की फुटतात का.

दुसऱ्या खेपेला बोलायचं होतं. काकांनी लिहिलेला कागद माझ्या हातात दिला. पहिल्याच ओळीत ‘अश्वरथनिखननाची राजप्रथा’. बर्फात गाडी रुतावी तशी मी तिथे रुतले. तीनदा सुरू केलं.

काका म्हणाले, “वहिनी, वाचताय की जप करताय?”

पण चिडले नाहीत. कागद काढून घेतला आणि म्हणाले, तुम्हाला कळलंय ना, मग तुमच्या शब्दांत सांगा, मला काही राग नाही. फक्त माझा एक शब्द ठेवा. दफन. तो काढू नका, त्यानं अर्थ पक्का होतो.

मी तोच काढला. दफन हा शब्द माझ्या तोंडात कधी आलेला नाही. आमच्याकडे मेलेलं जनावर पुरतात, तान्हं मूल गेलं की पुरतात. मी आपलं डोळे मिटून, समोर माझी शेजारीण बसलीय असं समजून सांगितलं. लाकूड कसं गेलं, माती कशी राहिली. आणि शेवटी म्हटलं, राजाबरोबर घोडे पुरले. मशीनवरच्या माणसानं काचेच्या आतून अंगठा दाखवला. माझ्या पाठीला घाम आला होता, बाहेर बर्फ असून.

निघताना दाराशी टेबलामागे बसणाऱ्या मुलीनं एक पाकीट दिलं. आत आभाराचं कार्ड आणि त्याला चिकटवलेलं दुसरं एक, पैसे भरलेलं, दुकानात चालणारं. जे जे बोलले त्या सगळ्यांना ते दिलं होतं, चिनी आजोबांना, अरबी शिकवणाऱ्या बाईंना, सगळ्यांना.

काका म्हणाले, “घ्या वहिनी. तुमची पहिली अमेरिकन कमाई.”

मला कसंतरीच झालं. लाज वाटली आणि आनंदही झाला. या देशात मी एक कांदासुद्धा मुलाला विचारल्याशिवाय आणला नव्हता. तो कधी काही म्हणत नाही, पण मला मागवत नाही. शनिवारी काकांच्या बायकोबरोबर इंडियन स्टोअरला गेले आणि त्या कार्डावर डिंक, खारीक, अळीव, गोडांबी, तूप असं सगळं घेतलं. सुनेला चकित करायचं होतं. लाडू वळले. तिला वाटलं सामान काकूंनी दिलं. मी काही बोलले नाही. बोलायला गेले असते तर कौतुक झालं असतं, आणि कौतुक झालं की मला कुठे बघावं ते कळत नाही.

प्रदर्शन उघडलं त्या दिवशी आम्ही सगळे गेलो. मुलानं कानाला लावून ऐकलं आणि माझ्याकडे बघत राहिला. मग नातीनं ऐकलं. ती शेवटपर्यंत ऐकून आली आणि भुवया वर करून विचारलं, “इनफ फॉर व्हॉट, आजी?”

कुणालाच कळेना. ती म्हणाली, तू म्हणालीस राजाला घोडे पुरले. कशाला पुरले? गाडी ओढायला?

मग कळलं. तिला पुरणं एकच माहीत होतं, जेवायच्या टेबलावरचं. पोळ्या पुरल्या का. दूध पुरेल का. पुरे, पुरे, बास. तिच्या हिशोबानं राजाकडे घोडे होते आणि ते कमी पडले नाहीत. मुलगा हसला, सून पोटावर हात धरून हसली. काका हसले नाहीत. नुसते म्हणाले, “तरी मी सांगत होतो, दफन.” आणि ते बरोबरच होतं.

मीही हसले तेव्हा. घरी आल्यावर हसू गेलं. साठ वर्षं हा शब्द तोंडात आहे, आणि ही दोन पुरणी एकाच पोटातली आहेत हे माझ्या कधी ध्यानात आलं नाही. माझी पहिली मुलगी आठवली. मुलाच्या आधीची. त्याला ती होती एवढंच माहीत आहे, जास्त काही मी सांगितलेलं नाही. ती नऊ दिवस पुरली, आणि मग पुरली. ओढ्याच्या पलीकडे, बाभळीखाली. मला जाऊ दिलं नव्हतं, बाळंतिणीनं जायचं नसतं. तिथली माती कोणत्या रंगाची झाली असेल, ते मला इतक्या वर्षांत कधी सुचलं नव्हतं, ते त्या म्युझियममुळे सुचलं. आणि आता इथे सुनेची तारीख जवळ येत होती आणि मला ही जागा सोडायला लागू नये म्हणून मी देवापाशी कितीतरी काही कबूल करून बसले होते.

म्हणून त्या शब्दानं मला सतावलं असावं. इथली मराठी पोरं तो ऐकणार, सगळ्यांना वाटणार घोडे पुरले म्हणजे भरपूर होते, छान झालं. कुणाला कळणारही नाही की ते मेले. चार दिवस मी काकांच्या मागे लागले. ते म्हणाले राहू द्या वहिनी, लोक समजून घेतात. एरवी माझा कुणापुढे आवाज निघत नाही, पण तेव्हा निघाला. शेवटी ते मला परत म्युझियमला घेऊन गेले. दालनातल्या त्या बाईला नातीनं सगळं समजावलं. बाईनं मान हलवली आणि लगेच माईक लावायला सांगितलं. मी म्हटलं, राजा मेला तेव्हा त्याचे घोडेही मारले आणि खड्डा खणून मातीत पुरले. एवढंच बदललं. नातीनं ऐकून अंगठा वर केला. मला वाटलं, सुटले.

पण त्यामुळेच सगळं उघड झालं. माझं नाव यादीत दोनदा लागलं म्हणून म्युझियमच्या ऑफिसनं मुलाला ईमेल केला. मोठ्या नम्रतेनं विचारलं होतं की तुमच्या आईंचं मानधन नोंदवायचं आहे, दुसऱ्या खेपेचंही द्यायचं आहे, तर त्यांचा टॅक्सचा नंबर कळवा.

मुलगा जिना उतरून खाली आला तो लॅपटॉप उघडाच हातात धरून.

“आई, तुला कुणी पैसे दिले?”

“पैसे नाही. कार्ड दिलं.”

“कार्ड म्हणजेच पैसे. कशाबद्दल?”

“बोलल्याबद्दल.”

तो खुर्चीत बसला. “आयुष्यभर बोलली नाहीस. बोललीस ती इथे, आणि तेही व्हिजिटर व्हिसावर.”

मग त्यानं सांगितलं. पाहुण्या माणसाला इथे कमवायला बंदी असते. आपण मुदत वाढवून मागितलीय, त्यात लिहून दिलंय की ही बाई इथे काही काम करत नाही. आणि तिकडे म्युझियमच्या हिशोबात माझं नाव. मी विचारलं, म्हणजे आता परत पाठवतील? तो म्हणाला, मला माहीत नाही. आवाज चढला नव्हता, त्याची मला जास्त भीती वाटली. वर विचारतो कसा, तू कुणाजवळ कमाई हा शब्द बोललीस का. मी म्हटलं, मी नाही, काका बोलले. त्यानं डोक्याला हात लावला.

ते दोन दिवस कसे गेले ते लिहिता येत नाही. नळ सोडून विसरायचे. नातीची वेणी अर्धी घालून उठायचे. खिडकीतून पोस्टाची गाडी दिसली की दाराशी जाऊन उभी राहायचे. मला वाटायचं, उद्या हिला कळा सुरू होतील आणि मी विमानात असेन, आणि कारण काय, तर डिंक.

काका आले, मान खाली घालून. सगळा दोष माझा, म्हणाले, आणि ‘सगळा’ला आणि ‘दोष’ला शीळ वाजली, तरी कुणी हसलं नाही. मग म्हणाले, उरलेले लाडू मला विका, कार्डावरचे खर्चलेले पैसे भरून निघतील. मुलगा म्हणाला, “काका, प्लीज. मग लाडू विकले म्हणून अजून एक केस होईल.”

वकीलबाईशी त्यानं फोनवर बोलणं केलं. ती शांत होती. घाबरू नका म्हणाली, हे लहान आहे, पण पैसे पूर्ण परत करा, आणि परत केल्याचा कागद घ्या. आणि एक नीट लक्षात ठेवा म्हणाली, देणगी म्हणून देऊ नका. देणगी दिली तर आधी तुमचे झाले आणि मग दिले, असा अर्थ होतो. परत म्हणूनच द्या.

कार्डावर निम्म्याच्या आसपास उरले होते. बाकीचे मुलगा भरायला निघाला, तर मी नको म्हटलं. माझ्या पाकिटात मुंबईला उतरल्यावर लागतील म्हणून ठेवलेले रुपये होते, ते त्याच्यापुढे ठेवले. तो म्हणाला, आई, आत्ता हे नको. मी म्हटलं, हेच. आमचं असं चाललं होतं, तर सून आतून डोलत डोलत आली.

“ते लाडू खाल्ले कोणी?” तिनं विचारलं. “मी. रोज दोन. मग पैसे मीच भरते. तुम्ही दोघं कायले भांडून राहिले?”

मी तिला म्हटलं, अगं, तुला न सांगता केलं मी. ती म्हणाली, सांगितलं असतं तर मी अजून बदाम आणायला लावले असते. आणि पर्समधून डॉलर काढून माझ्या हातात ठेवले, मुलाच्या नाही.

तिला घरी एकटी ठेवायची नव्हती, म्हणून ती पण गाडीत बसली. मुलानं ऑफिसच्या दोन मीटिंगच्या मध्ये वेळ काढला होता. म्युझियमच्या टेबलावर तीच मुलगी होती. तिला काही समजेना. तिच्या कॉम्प्युटरमध्ये कार्ड द्यायची जागा होती, परत घ्यायची नव्हती. तिनं एकाला फोन केला, त्यानं दुसऱ्याला करायला सांगितलं, दुसरा जेवायला गेला होता. सून बाकावर बसून पाय चोळत होती. मुलगा घड्याळ बघत होता. शेवटी ती मुलगी हसून म्हणाली, दाराशी देणगीची पेटी आहे, त्यात टाका की, आम्हाला आनंदच होईल.

मुलगा थकला होता. मला म्हणाला, “आई, जाऊ दे. टाकूया त्यात, मी वकिलांना काहीतरी सांगतो. माझी मीटिंग आहे.” आणि माझ्या हातातलं पाकीट घ्यायला हात पुढे केला.

मी दिलं नाही. त्या मुलीकडे बघून मी म्हटलं, “नो डोनेशन. रिटर्न.”

मला वाटलं मी हळू बोलले. पण दालनातली माणसं वळून बघायला लागली. ती म्हणाली, सॉरी? मी परत म्हटलं, “रिटर्न. ऑल. पेपर, प्लीज.” एवढंच इंग्रजी मला आलं. मग मुलगा माझ्या बाजूला आला आणि त्यानं तिला पहिल्यापासून सगळं नीट सांगितलं, माझा व्हिसा, सुनेची तारीख, सगळं. घाई न करता.

आवाज ऐकून रथांच्या दालनातली ती बाई बाहेर आली. तिनं सुनेकडे बघितलं, तिच्या पोटाकडे, मग माझ्याकडे. जास्त काही विचारलं नाही. सुनेसाठी पाणी मागवलं आणि आम्हाला मागच्या जिन्यानं हिशोबाच्या खोलीत घेऊन गेली. तिथे चष्मा कपाळावर चढवलेला एक म्हातारा माणूस बसला होता. ती त्याच्याशी उभ्या उभ्या बोलली. तो आधी नाही म्हणाला, असं करत नाहीत म्हणाला. ती तिथून हललीच नाही. तेव्हा त्यानं चष्मा डोळ्यावर घेतला.

दुसऱ्या खेपेचं मानधन त्यानं रद्द केलं. यादीत माझ्या नावापुढे व्हॉलंटिअर असं लिहिलं आणि मुलाला वाचायला दिलं. म्युझियमच्या नावाच्या कागदावर दोन ओळी टाइप केल्या. मी पाकीट पुढे सरकवलं. त्यानं कार्ड घेतलं, त्यावर किती उरलेत ते बघितलं, सुनेचे डॉलर त्यात मिळवले, एकदा मोजले, काही सुट्टे मला परत करायला लागला. मुलगा म्हणाला, ते तुझेच आहेत आई, जास्त झाले होते. मी ते सुनेच्या हातात दिले. म्हाताऱ्यानं कागदावर सही केली, शिक्का मारला. मुलानं जागच्या जागी फोटो काढून वकीलबाईला पाठवला आणि आम्ही तिथेच थांबलो, कारण मी हलायला तयार नव्हते. थोड्या वेळानं तिचं उत्तर आलं. मुलानं मला मराठीत सांगितलं, ती म्हणते, आता काही बाकी नाही, मुदतवाढीच्या आड हे येणार नाही.

मी त्याला कागदावरची दुसरी ओळ वाचून दाखवायला सांगितली. त्यात लिहिलं होतं की या बाईंनी घेतलेले सगळे पैसे पूर्णपणे परत केले आहेत.